‘संपली का?’ हा पहिला प्रश्न

मिरजेहून आलेल्या वडिलांनी पिशवीतून दोन दोनशेपानी वह्या काढल्या आणि कोर्टात पुरावा मांडावा तशा माझ्या टेबलावर ठेवल्या. “मॅडम, बारावीचं वर्ष आहे आणि रात्री हे चाललेलं असतं.” वहीच्या पहिल्या पानावर नकाशा होता. सात नद्या, एक बुडालेलं शहर, डोंगराच्या पोटात राहणारे लोक. त्या लोकांची स्वतःची लिपीसुद्धा पोराने तयार केली होती. तो मान खाली घालून बसला होता. ‘यात काही दम नाही’ एवढं मी म्हणावं, अशी वडिलांची अपेक्षा होती; मुलाची नेमकी उलटी. मी दोघांचीही निराशा केली. मुलाला एवढंच विचारलं, “गोष्ट संपली का?”

“नाही. नकाशाच तीनदा बदलला.”

फँटसी लिहायचं म्हणणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला मी हेच विचारते. प्रतिभा आहे की नाही, हे सतराव्या वर्षी कुणीच सांगू शकत नाही. हाती घेतलेली गोष्ट शेवटापर्यंत नेता येते का, हे मात्र वर्ष-दीड वर्षात कळतं.

हे खूळ बाहेरून आलेलं नाही

पालकांना वाटतं, हे सगळं हॅरी पॉटर आणि वेबसिरीजमुळे. त्यांना मी पैठणची गोष्ट सांगते. ‘कथासरित्सागरा’त गुणाढ्याची कथा येते. प्रतिष्ठानच्या, म्हणजेच पैठणच्या, सातवाहन राजाच्या पदरी असलेल्या या पंडिताने पैशाची भाषेत सात लाख श्लोकांची ‘बृहत्कथा’ लिहिली. राजाने ती नाकारली. मग गुणाढ्य रानात अग्निकुंडापुढे बसला. एकेक पान मोठ्याने वाचायचा आणि आगीत टाकायचा. रानातली जनावरं चरणं सोडून ऐकत राहिली आणि रोडावली. राजाच्या ताटात सुकं मांस येऊ लागलं, चौकशी झाली. राजा तिथे पोचला तेव्हा सहा लाख श्लोक जळून गेले होते, एक लाख उरले होते.

दंतकथा म्हणा, पण या धंद्याची सगळी लक्षणं तिच्यात आहेत: प्रचंड लेखन, मोठ्या दरबारातून नकार, आणि मग लेखकाने स्वतःच शोधलेले श्रोते.

मराठी कादंबरीच्या अगदी सुरुवातीच्या काळात, १८६१ साली आलेली लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ अद्भुतरम्यच होती. पुढे नाथमाधवांचा ‘वीरधवल’ आला. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरींनी गूढ-भयाचा प्रांत पिढ्यान्‌पिढ्यांच्या वाचकांना दाखवला. तेव्हा मुलगा भलतंच काही करतोय, ही काळजी आधी बाजूला ठेवा. पोटापाण्याची काळजी रास्त आहे; तिच्याकडे येऊच.

वाचायचं काय?

फँटसी लेखकाच्या घरात तीन प्रकारची पुस्तकं लागतात. पहिला प्रकार फँटसीचाच, आणि तो मुलांनी बहुधा फस्त केलेला असतो. पण वाचण्याची तऱ्हा बदलावी लागते. पहिल्यांदा मजेने वाचावं, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. या जगातल्या जादूचा नियम लेखकाने वाचकाला कुठल्या पानावर सांगितला? संवादातून सांगितला की कुणाच्या चुकीतून? जादू वापरणाऱ्याला काय किंमत मोजावी लागली? फुकटची जादू वाचकाला दहाव्या पानावर कंटाळा आणते, हे अशा वाचनातूनच कळतं.

दुसरा प्रकार फँटसी नसलेल्या पुस्तकांचा. खोटं जग खऱ्या माहितीवर उभं राहतं. टोल्कीन ऑक्सफर्डला प्राध्यापक होते आणि जुन्या भाषा हा त्यांचा अभ्यासविषय होता. त्यांच्या कादंबऱ्यांतल्या भाषा त्या अभ्यासातून आल्या. फँटसी लेखिका अर्सुला ले ग्विन यांचे वडील आल्फ्रेड क्रोबर मानववंशशास्त्रज्ञ. परके समाज कसे बघावेत, याचे संस्कार लेकीवर घरातच झाले. आपल्याकडच्या मुलाने मग काय वाचावं? किल्ल्यावर पाणी कसं साठवत, दुष्काळात गाव कसं हलतं, मीठ, कापड आणि घोडे कुठून कुठे जात. सात नद्या काढल्यास ना बाळा, मग पूर कुठल्या नदीला येतो आणि पिकं कुठल्या काठावर बुडतात, तेही ठरव.

तिसरा प्रकार आपल्या मातीतला. ‘कथासरित्सागर’ मराठीत आलेला आहे; वाचनालयात चौकशी करा. शिवाय छापलेलं नाही असंही बरंच आहे. विहिरीवरच्या साती आसरा, वेशीवरचा वेताळ, कोकण-गोव्यातला राखणदार, म्हसोबाला नवस बोलण्याची पद्धत. आजी-आजोबांपाशी बसून हे लिहून घेणाऱ्याच्या हाती लागणारी सामग्री दुसऱ्या कुणाच्या पुस्तकातून उचललेली नसते. आणि शब्दही तिथेच मिळतात. मराठीत लिहिताना ‘पोर्टल’ उघडण्यापेक्षा ‘चोरदिंडी’ उघडली, तर वाचकाच्या डोळ्यांपुढे आपोआप एक वाडा उभा राहतो.

रोजचं लिहिणं

रोज तीनशे शब्द म्हणजे वहीची जेमतेम दीड-दोन पानं. वर्षातले तीनशे दिवस ते जमलं, तर नव्वद हजार शब्द होतात. म्हणजे एक भरघोस कादंबरी. रात्र-रात्र जागून महिनाभर लिहिणारे आणि मग सहा महिने वहीकडे न बघणारे मी पुष्कळ पाहिले. अशांची कादंबरी क्वचितच संपते.

अमेरिकेतला फँटसी लेखक ब्रँडन सँडरसन विद्यार्थी असताना एका हॉटेलात रात्रपाळीला बसायचा, कारण गिऱ्हाईक नसताना तिथे लिहिता यायचं. त्याची पहिली छापील कादंबरी २००५ साली आली. लिहिण्याच्या क्रमाने ती सहावी होती, आणि ती स्वीकारली जाईपर्यंत तो बाराच्या पुढे गेला होता. याच सँडरसनने २०२२ साली वाचकांकडून आगाऊ वर्गणी घेऊन स्वतःची चार पुस्तकं काढली, तेव्हा महिन्याभरात चार कोटी डॉलरहून जास्त रक्कम जमली. मुलं हा आकडा पाठ करून येतात. त्याआधीच्या रात्रपाळ्या आणि पडून राहिलेली हस्तलिखितं त्यांच्या लक्षात राहत नाहीत.

पहिला खर्डा संपल्यावर तो महिनाभर कपाटात ठेवावा. मग मोठ्याने वाचावा. जिथे जीभ अडखळते, तिथे वाक्य चुकलेलं असतं. कादंबरीआधी लघुकथांवर हात बसवायचा, तर मराठीत दिवाळी अंकांची सोय आहे. ‘नवल’सारख्या अंकांनी अद्भुत आणि गूढ कथांना वर्षानुवर्षं जागा दिली. तीन हजार शब्दांत गोष्ट आटोपणं, मुदत पाळणं, संपादकाची कात्री सोसणं, हे सगळं तिथे शिकता येतं. डॉ. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पहिली विज्ञानकथा पाठवली, ती टोपणनावाने. नावाच्या वजनावर बक्षीस मिळू नये म्हणून. ज्याचं अजून नावच झालेलं नाही, त्याला स्पर्धेची लाज कशाला?

‘स्वतंत्र’ म्हणजे स्वतःच प्रकाशक

स्वतंत्र लेखक म्हणजे जो पदरमोड करून, स्वतःच्या हिमतीवर पुस्तक काढतो. इथे लिहिणं हे अर्धंच काम. उरलेलं असं: परक्या नजरेच्या संपादकाकडून संपादन, मुद्रितशोधन, पानांची मांडणी, मुखपृष्ठ, छपाई, विक्री, हिशेब. आयएसबीएन क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून विनामूल्य मिळतो. त्यासाठी कुणी पैसे मागितले, तर सावध व्हा. मराठी ई-पुस्तक किंडलवर स्वतः चढवता येतं. ‘प्रतिलिपी’वर कथा क्रमशः देता येते आणि वाचक कुठल्या भागाला गळतात, ते दिसतं. प्रती मागणीप्रमाणे छापून घेण्याची सोय असल्याने हजार प्रतींचे गठ्ठे पलंगाखाली ठेवायची वेळ आता येत नाही. मराठीतली एक खास अडचण लक्षात ठेवा: जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये नेताना जोडाक्षरं फुटतात. पहिल्या ओळीपासून युनिकोडमध्येच टंकलेखन करा.

‘पॅकेज’ विकणाऱ्यांपासून जपा. ठरावीक रक्कम भरा, पुस्तक छापून देतो, प्रसिद्धीही करतो, असं म्हणणाऱ्यांचा नफा तुमच्या पैशांतून आधीच निघालेला असतो. पुस्तक विकलं जावं अशी त्यांना निकड नसते. करार कुणाशीही करा, पण ध्वनिपुस्तक, अनुवाद आणि चित्रपटाचे हक्क कुणाकडे जातात, ते कलम दोनदा वाचा. भारतात स्वामित्वहक्क लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षं टिकतो. एका सहीने नातवंडांचाही हक्क जाऊ शकतो.

अमीश त्रिपाठींचं उदाहरण पालकांना जवळचं वाटतं, कारण ते आयआयएम कोलकात्याचे पदवीधर आणि विमा क्षेत्रातले अधिकारी होते. बऱ्याच प्रकाशकांनी नाकारल्यावर २०१० साली ‘द इमॉर्टल्स ऑफ मेलुहा’ स्वतःची पदरमोड करून आली. पहिलं प्रकरण वेगळं छापून दुकानांच्या गल्ल्यावर फुकट वाटायला ठेवलं गेलं. नोकरी त्यांनी सोडली ती मानधनाचा चेक पगारापेक्षा मोठा झाल्यावर. हा क्रम उलटा करू नये.

पैशांचं गणित

समजा, पुस्तकाची किंमत तीनशे रुपये, मानधन दहा टक्के आणि हजार प्रती खपल्या. हातात येतात तीस हजार रुपये, आणि तेही दोन वर्षांच्या कष्टाचे. स्वतः प्रकाशित केल्यास प्रतीमागे जास्त सुटतं, पण छपाई, संपादन, मुखपृष्ठ आणि विक्रेत्याचं कमिशन त्यातूनच जातं. निव्वळ फँटसी लिहून घर चालवणारा माणूस मराठीत मला तरी भेटलेला नाही. इंग्रजीतही असे लेखक थोडेच, आणि तेही बहुधा पाचव्या-सहाव्या पुस्तकानंतर.

म्हणून दुसरं काम हवंच, आणि त्यात कमीपणा नाही. टोल्कीन शिकवत होते, मतकरी कित्येक वर्षं बँकेत होते. संपादन, अनुवाद, डबिंगसाठी संवादलेखन, व्हिडिओ गेमच्या कथा, ध्वनिमालिका, पटकथा ही कामं लेखणीच्या जवळची. पुण्याच्या एफटीआयआयमध्ये पटकथालेखनाचा अभ्यासक्रम आहे. त्याला पदवी लागते. पदवी साहित्याचीच हवी असं नाही. इतिहास, पुरातत्त्व, भाषाशास्त्र, भूगर्भशास्त्र, अगदी अभियांत्रिकीही चालेल. अट एकच: रोजचा एक तास उरला पाहिजे.

पालक नेहमी विचारतात

*अभ्यास बुडतो, वही काढून घेऊ का?* नको. वेळ ठरवून द्या. बोर्डाच्या परीक्षेआधी तीन महिने वही कपाटात, हे त्याच्याकडूनच कबूल करून घ्या. लेखकालाही मुदत पाळावी लागते. ही पहिली मुदत समजा.

*पुस्तक आम्ही छापून देऊ का?* क्रिस्तोफर पाओलिनीने पंधराव्या वर्षी ‘एरागॉन’ लिहायला घेतली. २००२ साली ती त्याच्या आईवडिलांनीच छापली आणि सगळं कुटुंब ती घेऊन शाळा-वाचनालयांतून हिंडलं. पुढच्या वर्षी मोठ्या प्रकाशनसंस्थेने ती नव्याने काढली. पण त्याआधी पोराने ती पुरी केली होती आणि पुन्हा पुन्हा लिहिली होती. वाढदिवसाची भेट म्हणून कच्चं पुस्तक छापू नका. तेच पैसे चांगल्या संपादकाला द्या.

*किती वर्षं वाट बघायची?* वर्षं मोजू नका, पुरी झालेली हस्तलिखितं मोजा. तिसऱ्या हस्तलिखितानंतर तोच सांगेल की यात आयुष्य घालवायचं, की हा छंदच बरा. दोन्ही उत्तरं चांगलीच.

त्या मिरजेच्या मुलाशी आम्ही एवढंच ठरवलं होतं: परीक्षेपर्यंत वही बंद, त्यानंतर नकाशाला हात लावायचा नाही, गोष्ट शेवटाला न्यायची. पुढच्या वर्षी पावसाळ्यात त्याचा फोन आला. “मॅडम, संपली. आता कुणाला वाचायला देऊ?”

“पप्पांना.”

फोन वडिलांकडे गेला. “मॅडम, मला त्यातलं काय कळतंय? मी आयुष्यभर हार्डवेअरच्या दुकानात बसलेला माणूस.”

“कळायची गरज नाही,” मी म्हटलं. “रात्री जेवण झाल्यावर वाचायला बसा. डोळा लागला, की त्या ओळीवर पेन्सिलीने खूण करा. त्याला तेवढंच हवंय.”

आठवड्याने मी विचारलं, किती खुणा झाल्या. “पहिल्या पन्नास पानांत अकरा,” वडील म्हणाले. मग थोडं थांबून, जरा तक्रारीच्या सुरात, “पण ते बुडालेल्या शहराचं आलं ना, तेव्हा रात्रीचा एक वाजला.”