ऐकून कँटोनीज शिकताना

हाँगकाँगमध्ये इंग्रजीवर भागतं, असं इथे येणाऱ्या प्रत्येक मराठी कुटुंबाला कोणी ना कोणी सांगतंच. सेंट्रलच्या ऑफिसात, बँकेत, विमानतळावर ते खरंही आहे. पण २०२१च्या जनगणनेप्रमाणे इथल्या सुमारे ८८ टक्के लोकांची रोजची भाषा कँटोनीज आहे. भाजीवाली, मिनीबसचा ड्रायव्हर, बिल्डिंगचा वॉचमन, लिफ्टमध्ये रोज भेटणाऱ्या आजी, सगळे त्यात आले. मला त्यांच्याशी बोलायचं होतं. नोकरी आणि घर सांभाळून क्लासला जाणं जमण्यातलं नव्हतं, म्हणून शिकले ती ऑडिओ धड्यांवरच. या वाटेवर वेळ आणि पैसा कुठे वाया जातो, ते आता मला चांगलं ठाऊक आहे. नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी ते लिहून ठेवते.

पैसा जातो तो पहिल्या खरेदीत. नुसतं ‘चायनीज शिका’ असं लिहिलेलं असेल, तर तो कोर्स बहुतेक वेळा मँडरिनचा निघतो, आणि मँडरिन येणाऱ्याला कँटोनीज ऐकून कळत नाही. कँटोनीज असं स्पष्ट लिहिलेलं असलं तरी निर्धास्त राहू नका. मी एका अ‍ॅपचे वर्षभराचे पैसे भरले. त्यातली वाक्यं म्हणजे पुस्तकी चिनी मजकूर, फक्त कँटोनीज उच्चारात वाचलेला. तसं इथे कोणीही बोलत नाही. लिहायची चिनी आणि बोलायची कँटोनीज यांत रोजचे अगदी साधे शब्दही वेगळे असतात. म्हणून पैसे भरण्याआधी फुकटातला एक धडा ऐका आणि ‘आहे’साठी कोणता शब्द येतो तेवढं पाहा. ‘सी’ ऐकू आलं तर तो पुस्तकी मजकूर समजा. बोलण्यातला शब्द थेट हिंदीतल्या ‘है’सारखा ऐकू येतो. नकारासाठी ‘पत्’ आला तर तोही पुस्तकी, ओठ मिटून नुसता ‘म्’ आला तर बोलण्यातला.

गाण्यांवरून बोलणं शिकू नका म्हणते, ते याच कारणासाठी. कँटोपॉपचे शब्द बहुतांशी पुस्तकी चिनीत लिहिलेले असतात. टीव्ही मालिकांखालच्या ओळीही तशाच, त्यामुळे कानावर पडतं एक आणि डोळ्यांना दिसतं दुसरं.

जुनी रेकॉर्डिंग्ज मात्र टाकाऊ समजू नका. अमेरिकेच्या फॉरेन सर्व्हिस इन्स्टिट्यूटने १९७० साली काढलेला ‘कँटोनीज बेसिक कोर्स’ आज मोफत मिळतो. एकाच वाक्यात एकेक शब्द बदलत जाण्याचा त्यातला सराव मला अजून दुसरीकडे इतका चांगला मिळालेला नाही. फक्त तो आजच्या बोलण्याचा आरसा नाही, हे लक्षात ठेवून वापरा. त्यात सात सूर शिकवतात. आजच्या हाँगकाँगमध्ये त्यातला वरून घसरणारा सूर वरच्या सपाट सुरात मिसळून गेला आहे आणि सहाच उरले आहेत. ‘तू’ला धड्यात ‘नेइ’ म्हणतात, रस्त्यावर बहुतेक जण ‘लेइ’ म्हणतात. ‘मी’ला धड्यात ‘ङो’, रस्त्यावर नुसतं ‘ओ’. धड्यातलं रूप पाठ करा, पण कानाला दोन्हींची सवय असू द्या. आणि कोणी तीस दिवसांत कँटोनीजची हमी देत असेल, तर याच संस्थेने इंग्रजी भाषकांसाठी वर्गातले २,२०० तास धरले आहेत, एवढं आठवा.

आता सुरांचं. शब्द आधी शिकू, सूर मागाहून येतील, असं सांगणारे धडे आहेत. त्यांचं ऐकू नका. सूर चुकला की शब्दच बदलतो, आणि चुकीच्या सुरात घोटलेलं वाक्य सुधारणं नवं वाक्य शिकण्यापेक्षा कितीतरी अवघड जातं. इथे आकड्यांची एक युक्ती वापरतात. ३, ९, ४, ०, ५, २ हे आकडे ओळीने म्हटले की सहाही सूर क्रमाने येतात: ‘साम’ वर सपाट, ‘कौ’ वर चढणारा, ‘सेइ’ मधला सपाट, ‘लिंग’ खाली उतरणारा, ‘ङ्’ खालून थोडा चढणारा आणि ‘यी’ खालचा सपाट. पुढे ७, ८, ६ म्हणजे ‘छत्’, ‘पात्’, ‘लुक्’ जोडले की शेवटी अडवलेले तोकडे सूरही होतात. ही ओळ धड्यातल्या आवाजासारखी म्हणता येईपर्यंत दुसऱ्या धड्याला हात लावू नका. आपलं म्हणणं फोनवर रेकॉर्ड करून मूळ आवाजाशेजारी ऐका. म्हणताना बरोबर वाटलेलं ऐकताना वेगळंच निघतं.

मराठी माणसाला सर्वांत जास्त नडते ती प्रश्न विचारायची सवय. आपण प्रश्नाच्या शेवटी आवाज वर नेतो. कँटोनीजमध्ये तो चढ शब्दाच्याच अंगाला चिकटतो. ‘माय’ खालच्या सपाट सुरात म्हणजे विकणं, खालून जरा चढवलं की विकत घेणं. शा तिनच्या बाजारातल्या भाजीवालीने मला हा फरक हाताने दाखवला. तळवा रताळ्यांच्या ढिगावर आडवा धरून सरळ सरकवला, म्हणजे विकणं. मग तोच तळवा किंचित वर उचलत नेला, म्हणजे घेणं. पुन्हा पुन्हा करून दाखवलं आणि माझ्याकडून म्हणून घेतलं. प्रश्न विचारायचा तर ‘माय-म्-माय आ’, विकता की नाही, असं वाक्य रचायचं आणि प्रत्येक शब्दाचा सूर जागच्या जागी ठेवायचा.

आपल्या बाजूनेही पुष्कळ आहे, आणि ते इंग्रजीतून शिकवणारे धडे सांगत नाहीत. अ आणि आ यांतला फरक आपल्याला जन्मापासून येतो. ‘काय’ म्हणजे रस्ता आणि ‘कै’ म्हणजे कोंबडी, यात मराठी कान गोंधळत नाही. क आणि ख, प आणि फ हा भेदही आयता आहे, फक्त फ म्हणताना ओठ नीट मिटायचे. चोर, चाक, चूल यांतला च तर कँटोनीजमध्ये जसाच्या तसा भेटतो. हाँगकाँगच्या भाषाशास्त्र संस्थेने १९९३ साली बसवलेली ज्युतपिंग ही रोमन लिपी जरूर शिका, शब्दकोश वापरायला ती लागते. पण तिच्यातला जी हा आपला क आहे, बी हा प, आणि जे म्हणजे य. धडा ऐकताना वहीत देवनागरीत लिहा आणि शेजारी सुराचा आकडा टाका. आपल्याला कष्ट पडतात ते शेवटच्या प, त, क वर. दहा म्हणजे ‘सप्’, इथे ओठ मिटायचे आणि मिटलेलेच ठेवायचे. आपण सवयीने ते उघडतो.

धड्यांची खरी मर्यादा उत्तरात आहे. स्टुडिओतला माणूस ठरलेलंच उत्तर देतो, बाजारातला नाही. म्हणून अर्धा वेळ बोलण्याला द्या आणि अर्धा नुसत्या ऐकण्याला. मेट्रोतल्या घोषणा आधी कँटोनीज, मग मँडरिन आणि मग इंग्रजीत होतात. अर्थासकट फुकटचा धडाच तो, फक्त भाषा जरा औपचारिक. गाडीत मोठ्याने बोलता येत नाही, त्यामुळे तिथे ऐकायचं. म्हणायचा सराव मी शिंग मुन नदीच्या काठाने चालताना करते. लाल मिनीबसमध्ये उतरायचं असेल तर ओरडून सांगावं लागतं: ‘यौ लोक्, म्‌कोइ’. हे वाक्य मोठ्या आवाजातच घोटा, कारण आवाज वाढवला की सूर हलतात.

तुमचा चेहरा पाहून समोरचा माणूस इंग्रजीवर येतो, हे होणारच. तेव्हा ‘ङो होक् कन् क्वाँग तुंग वा’, मी कँटोनीज शिकतेय, एवढं सांगा आणि ‘म्‌कोइ, मान मान काँग’, जरा हळू बोला, अशी विनंती करा. बहुतेक जण खुशीने थांबतात. दुकान रिकामं असेल अशी दुपारची वेळ त्यासाठी बरी, संध्याकाळी त्यांना उसंत नसते.