सोलापूर–मुंबई विमानाने : तिकीट काढण्याआधी हा हिशोब करा



९ जून २०२५ ला सोलापूर–गोवा आणि १५ ऑक्टोबर २०२५ ला सोलापूर–मुंबई विमानसेवा सुरू झाली. तेव्हापासून एक प्रश्न हमखास येतो: "सर, मुंबईला माल दाखवायला विमानाने जाऊ का?" उत्तर हो किंवा नाही असं नसतं. ते तुमच्या वहीतून निघतं. कसं, ते बघूया.

१. अंतर आणि वेळ वेगळे
सोलापूर–मुंबई रेल्वेने ४५५ किमी आहे, आकाशातून सरळ रेषेत सुमारे ३६० किमी. हवेतला वेळ साधारण तासाभराचा. पण विमान ३६० किमी जाऊ दे नाहीतर ७२० किमी, लवकर पोचणं, तपासणी आणि बॅगेची वाट बघणं तेवढंच राहतं. म्हणून अंतर जितकं कमी, तितका विमानाचा फायदा कमी.

२. दारापासून दारापर्यंत मोजा
धरा, तुम्ही टॉवेल-चादरीचे नमुने घेऊन काळबादेवीच्या मुळजी जेठा मार्केटमध्ये निघालात.

विमान: घर ते होटगी रोड विमानतळ अर्धा तास, आधी पोचणं दीड तास, उड्डाण सव्वा तास, बाहेर पडणं अर्धा तास, मुंबई विमानतळ ते काळबादेवी सव्वा तास. एकूण ५ तास.

वंदे भारत: स्टेशन गाठणं अर्धा तास, गाडीत साडेसहा तास, सीएसएमटी ते मार्केट अर्धा तास. एकूण साडेसात तास.

म्हणजे वाचले अडीच तास. "तासाभरात मुंबई" हे हवेतलं गणित झालं, धंद्यातलं नाही.

३. कामाचे तास किती गेले?
आता सिद्धेश्वर एक्सप्रेस बघा. रात्री सोलापुरातून निघते, सकाळी सीएसएमटीला पोचवते. प्रवास मोठा, पण कामाचे तास बुडतात शून्य! लॉजचा खर्चही नाही. उलट विमान दुपारी सुटणारं असेल तर पोचेपर्यंत मार्केटची दुकानं आवरायला लागलेली असतील. म्हणून वेळापत्रक आधी बघा, भाडं नंतर.

४. तासाची किंमत लावा
धरा, तुमच्या कामाच्या एका तासाची किंमत ३०० रुपये. अडीच तास वाचले म्हणजे ७५० रुपये. रेल्वेपेक्षा विमानाला १,५०० रुपये जास्त पडले, तर ७५० चा तोटा. पण त्याच भेटीत १०,००० नफ्याची ऑर्डर हातची जाणार असेल, तर डोळे झाकून विमान पकडा.

५. गोव्याचं गणित वेगळं
गोव्यात हॉटेलं भरपूर, म्हणजे टेरी टॉवेलला गिऱ्हाईक. इथे सोलापूरहून वंदे भारतसारखी सोय नाही, रस्ता लांबचा आणि घाटाचा. त्यामुळे सुमारे ३०० किमीचं हवाई अंतर इथे जास्त कामाचं. फक्त लक्षात ठेवा, मोपा विमानतळ उत्तर गोव्यात पेडण्याला आहे. गिऱ्हाईक मडगावचं असेल तर पुढच्या गाडीचा वेळ आणि भाडं हिशोबात धरा.

गृहपाठ: मागच्या तीन कामाच्या फेऱ्या वहीत लिहा. तीन रकाने करा: दार ते दार वेळ, बुडालेले कामाचे तास, मिळालेली ऑर्डर. पुढचं तिकीट कशाचं काढायचं, ते तिसरा रकानाच सांगेल.