सोळा मावळे एका चौकटीत

पाण्याने भरलेला काचेचा गोल पेला घ्या आणि त्याच्या मागे अगदी टेकवून 'क' लिहिलेला कागद धरा. अक्षर रुंद दिसेल, उंच मात्र होणार नाही, कारण पेल्याची काच आडव्या दिशेनेच वळलेली आहे. आमच्या साऱ्या खटाटोपाचे मूळ या पेल्यात आहे.

गेल्या स्नेहसंमेलनात सोळा मावळे एका रांगेत उभे होते. झूम केले की टोकाची मुले कापली जात. मागे घेतले की वर छत, खाली जमीन आणि मधे मुंग्या! म्हणून आम्ही कॅमेरा डावीउजवीकडे फिरवत राहिलो. नेमके तेव्हाच टोकाच्या मावळ्याने आपले एकुलते एक वाक्य म्हटले. चित्रण पाहताना त्याच्या आजी म्हणाल्या, "आवाज आमच्या बाळाचा, पण बाळ कुठे आहे?" आम्हाला उत्तर देता आले नाही.

हिशेब पाहा. रांग १० मीटर. १६:९ च्या चौकटीत तेवढी रुंदी घेतली तर उंची ५.६ मीटर होते. १.३ मीटर उंचीच्या मुलाच्या वाट्याला १०८० पैकी जेमतेम २५० ओळी येतात.

उपाय जुनाच आहे. फ्रान्सचे आंरी क्रेत्यां यांनी १९२० च्या दशकात रुंद दृश्य आडवे दाबून फिल्मवर बसवणारे भिंग बनवले. त्याच तत्त्वावर १९५३ मध्ये 'द रोब' सिनेमास्कोपमध्ये झळकला आणि १९५९ मध्ये गुरुदत्तांचा 'कागज़ के फूल'.

आम्ही जुन्या १६ मिमी प्रोजेक्टरचे दुप्पट दाबणारे ॲनामॉर्फिक भिंग मिळवले. प्रोजेक्टरवर पडद्याकडे असणारे तोंड मुलांकडे आणि मागची बाजू कॅमेऱ्याच्या भिंगाला जवळजवळ चिकटून. कॅमेरा लाकडी फळीवर स्क्रूने बसवला, भिंग पाइपाच्या क्लॅम्पमध्ये धरले आणि दोन्हींचे मध्य एका उंचीवर येईपर्यंत खाली पुठ्ठ्याचे तुकडे सरकवले. (पुठ्ठे घरच्या खोक्यांचे, सौ.नी अजून विचारलेले नाही.) भिंग सरळ बसले का, हे फळ्यावर वर्तुळ काढून तपासावे. ते उभ्या अंड्यासारखे दिसले पाहिजे. अंडे कलले तर भिंग किंचित फिरवावे.

खरी डोकेदुखी फोकसची. तो दोन ठिकाणी लावावा लागतो, कॅमेऱ्यावर आणि भिंगावरही. आम्ही कॅमेऱ्याचा स्वयंचलित फोकस बंद केला, टेपने १५ मीटर मोजले आणि दोन्हीकडे तेवढेच अंतर लावले. झूम फार मागे घेतले तर कोपऱ्यांत नळीची काळी कड दिसते, म्हणून कॅमेरा सभागृहाच्या मागच्या भिंतीशीच हवा.

आता १० मीटर रुंदीला उंची फक्त २.८ मीटर, म्हणजे प्रत्येक मुलाला सुमारे ५०० ओळी. आडव्या दिशेचा तपशील वाढत नाही, हेही खरे. संगणकावर चित्र दुप्पट रुंद करावे लागते. रंगीत तालमीचे चित्रण दाखवताना आम्ही तेच विसरलो. पडद्यावर सोळा अगरबत्त्या उभ्या राहिल्या आणि त्यांतली शेवटची ओरडली, "आजी, तो मी!"