पावशा कीं शिकरा?

मृगाच्या तोंडावर शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसतो. त्या दिवसांत आमराईंतून 'पेरते व्हा, पेरते व्हा' असा स्वर चढत चढत जातो व एकाएकीं तुटतो. हा पावशा. त्याचा आवाज न ऐकलेला वाचक विरळा. परंतु त्यास पाहून ओळखणारे किती निघतील? आम्ही स्वतःच एकदां फसलों.

जून महिन्यांतील एका सकाळीं बाभळींत सातभाईंनीं एकच कलकलाट मांडला. वर फांदीवर राखी पाठीचा, छातीवर तांबूस झांक व पोटावर आडव्या रेघा असलेला पक्षी बसला होता. "शिकरा, शिकरा!" म्हणून मुलांनीं गलोली उचलल्या, आणि आम्हीही त्यांस अडविलें नाहीं. नेम चुकला हें नशीब! पक्षी पलीकडील आंब्यावर जाऊन ओरडूं लागला, तेव्हां आमची चूक ध्यानांत आली.

साम्य विलक्षण आहे खरें. रंग, पट्टेदार शेंपटी, चार वेळां पंख मारून मग तरंगण्याची ढब, सर्व कांहीं शिकऱ्याचें. म्हणून प्रथम चोंच पाहावी. शिकऱ्याची आंखूड व आंकडीसारखी वांकलेली, पावशाची सरळ व सडपातळ. पावशाच्या पायाचीं दोन बोटें पुढें व दोन मागें असतात. शिकऱ्याचीं तीन पुढें व एक मागें. डोळ्याभोंवतीं पिवळें कडें दिसलें तर पावशाच समजावा.

हें सोंग कशाकरितां? युरोपांतील कुक्कू हा पावशाचा भाऊबंद. इंग्लंडांत २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत पेंढा भरलेला कुक्कू लहान पक्ष्यांच्या दाण्यापाशीं ठेविला. पक्षी त्यास ससाण्याइतकेच भ्याले. पोटावरील पट्टे पांढऱ्या रेशमी कापडानें झांकतांच भीति ओसरली.

सातभाईंचा कलकलाट मात्र निष्कारण नव्हता. पावशाची मादी घरटें बांधीत नाहीं. ती आपलें अंडें सातभाईंच्या घरट्यांत घालते. दोघांचींही अंडीं निळीं. पुढें उबविणें, भरविणें हें सर्व सातभाईंकडे.

श्रावणांत त्याच बाभळींत दोन सातभाई आपल्याहून थोराड अशा पिल्लास भरवीत होते. एका मुलाचा हात पुन्हां गलोलीकडे गेला. या वेळीं सातभाईंच्या दयेनें! आम्ही त्यास थांबविलें. "हाच पुढल्या मृगांत 'पेरते व्हा' म्हणेल," असें सांगितलें. मुलगा थोडा वेळ पाहत राहिला व म्हणाला, "पण सर, यांचीं स्वतःचीं पिल्लें कोठें आहेत?"

आम्ही घरट्यांत डोकावून पाहिलें नव्हतें.