कुठल्या दिवसापासून मोजायचं?

ये, बस अशी. पंखा नको लावू, सांबार उडेल सगळा. ही कोथिंबिरीची जुडी तू घे, ही मी घेते. कोवळ्या काड्या असतील तर राहू दे, वडीत चांगल्या लागतात. हाताला काम असलं की अवघड बोलणं सोपं जातं, हे आईकडूनच शिकलो आपण.

फोनवर तू म्हणालीस, "ताई, युद्धावरून भांडण झालं," तेव्हा क्षणभर मला कळेच ना. मग तू सांगितलंस. टीव्हीवर युक्रेनची बातमी लागली होती, पानं वाढलेली होती. तू म्हणालीस की हे सगळं पुतिननं केलं. बाबा म्हणाले, नाटोनं आणि अमेरिकेनं त्याला तिथवर ढकललं. तू म्हणालीस, "तुम्हाला मेलेली माणसं दिसत नाहीत." ते म्हणाले, "तुम्हा पोरांना इतिहास माहीत नाही." आणि ते अर्ध्या ताटावर हात धुऊन उठले. चार दिवस झाले, घरात कुणी कुणाशी धड बोलून राहिलं नाही. सासरा भरल्या ताटावरून उठला ही गोष्ट तुला आतून किती लागली असेल, ते मला सांगायला नको. म्हणून तर बोलावलं तुला.

कोण बरोबर ते नंतर बघू. आधी मला एक सांग, तू कुठल्या दिवसापासून मोजतेस?

तू मोजतेस २४ फेब्रुवारी २०२२ पासून. त्या पहाटे रशियाचे रणगाडे सीमा ओलांडून आत शिरले. तिथून मोजलं तर दोष कुणाचा, यात वादच नाही. बाबा मोजत असतील २००८ पासून, बुखारेस्टच्या बैठकीत नाटोनं जाहीर केलं होतं की युक्रेन आणि जॉर्जिया पुढे आमच्यात येतील. किंवा त्याच्याही मागून, १९९१ मध्ये सोव्हिएत संघ मोडला तिथून. तुझ्या ऑफिसच्या कामात ती खार्किवची मुलगी आहे ना, तिला विचारलंस तर ती म्हणेल २०१४, क्रिमिया गेला ते वर्ष. तिचे वडील म्हणतील १९९४. तेव्हा युक्रेननं आपल्याकडची अण्वस्त्रं सोडून दिली आणि त्या बदल्यात रशियानं त्यांच्या सीमा पाळायचं लिहून दिलं होतं. यातली एकही तारीख खोटी नाही गं. पण पहिलं पान कुठलं धरलं, त्यावर शेवटच्या पानावर कुणाचं नाव येणार ते ठरतं.

आपल्या नागपुरातलंच बघ. तू रोज मेट्रो बदलायला बर्डीला उतरतेस. वर ती सीताबर्डीच्या लढाईची टेकडी आहे, आणि तिच्यावर किल्ला. किल्ला लष्कराकडे असल्यामुळे तुला-मला आत जायला २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट असे मोजकेच दिवस. मी शाळेत शिकवत होते तेव्हा मुलांना घेऊन गेले होते एकदा. एका मुलानं विचारलं, "मॅडम, ही लढाई सुरू कोणी केली?" मी पुस्तकातलं उत्तर दिलं. रात्री मात्र झोप लागेना, कारण ते उत्तर मलाच पटलं नव्हतं. मग मी यादव माधव काळ्यांचा 'नागपूर प्रांताचा इतिहास' काढून बसले. तेव्हापासून ही लढाई माझ्या डोक्यातून गेली नाही.

बघ. २६ नोव्हेंबर १८१७ ची संध्याकाळ. पहिली गोळी भोसल्यांच्या अरब शिपायांनी झाडली, असं इंग्रजांचे कागद सांगतात. तिथून मोजलं तर दोष नागपूरच्या राजाचा, आप्पासाहेब भोसल्यांचा. पण एकच दिवस मागे जा. २५ तारखेला इंग्रज रेसिडेंट जेंकिन्सनं तेलंगखेडीची छावणी उठवून फौज सीताबर्डीच्या दोन्ही टेकड्यांवर आणून ठेवली होती. राजाच्या शहराच्या उशाशी तोफा! तिथून मोजलं तर? आणखी एक दिवस मागे जा. २४ ला आप्पासाहेबानं पेशव्याकडून आलेली सेनासाहेब सुभ्याची वस्त्रं भर दरबारात घेतली. त्याआधी ५ तारखेला पेशव्यानं खडकीला इंग्रजांवर हल्ला केला होता, म्हणजे ती वस्त्रं घेणं ही उघड दोस्ती होती. दोष परत आप्पासाहेबाकडे आला की नाही?

अजून मागे चल. मे १८१६. आप्पासाहेबानंच कंपनीशी तैनाती फौजेचा तह केला. म्हणजे ज्या फौजेशी तो दीड वर्षानं लढला, ती त्यानंच बोलावलेली, आणि तिचा खर्चही राज्याच्या तिजोरीतून. का केला असा तह? दुसरे रघुजी नुकतेच वारले होते, त्यांचा मुलगा परसोजी गादी सांभाळण्याजोगा नव्हता, राजवाड्यात रघुजींची राणी बाकाबाई एका बाजूला आणि आप्पासाहेब दुसऱ्या बाजूला. त्याला पाठीशी कुणीतरी हवं होतं. फेब्रुवारी १८१७ मध्ये परसोजी अंथरुणात मेलेला सापडला. आप्पासाहेबानं त्याला मारवलं, असं बहुतेक इतिहासकार मानतात. आणि इथं मी थांबले होते त्या रात्री. कारण कंपनीनं तेव्हा त्याच आप्पासाहेबाला राजा म्हणून मान्य केलं. तो खून त्याच्या गुन्ह्यांत मोजला गेला तो १८१८ च्या मार्चमध्ये, त्याला कैद करताना. दोष शोधणारा माणूस दोष बाहेर कधी काढतो, तेही बघावं लागतं बाई.

पण १८१६ वरच का थांबायचं? १८०३ ला जा. अडगावची लढाई हरलो, पंधरवड्यात गाविलगड पडला, देवगावच्या तहात कटक गेलं आणि वर्धेच्या पलीकडचा मुलूख गेला. हरलेल्या घराला सूड हवाच असतो. तर मग दोष कंपनीचा, ती कुठल्या कुठून इथं आली म्हणून. इथवर आलं की आपल्याला बरं वाटतं. आपण नागपूरकर ना.

आणि मग एखादा बंगाली माणूस विचारतो, "१७४२ पासून का नाही मोजत?"

आपल्या पहिल्या रघुजींचा भास्करपंत तेव्हा फौज घेऊन बंगालवर गेला. पुढची नऊ-दहा वर्षं त्या स्वाऱ्या होत राहिल्या. १७५१ च्या तहात ओडिशा आणि वर्षाला बारा लाखांची चौथ घेऊनच त्या थांबल्या. मध्ये १७४४ मध्ये अलिवर्दीखानानं भास्करपंताला भेटीला बोलावून दग्यानं मारलं, ते आपण शिकतो. जाळलेली गावं आपण शिकत नाही. बंगालमध्ये आजही बाळाला निजवताना बर्गी आल्याचं अंगाईगीत म्हणतात. ते बर्गी म्हणजे आपणच. नागपूरची फौज. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा फार वाईट वाटलं होतं, आणि अजून वाटतं. ज्या महाल भागात आपण गणपतीच्या मूर्ती बघायला जातो, त्या महालातून निघालेल्या माणसांच्या नावानं दूरवरची आई आपल्या लेकराला भीती घालते.

काड्या तिकडे टाक, ताटात नको.

आता तू म्हणशील, ताई, असं मागे मागे गेलं तर कुणाचाच दोष उरणार नाही. थांब. मला तसं म्हणायचंच नाही. कारण वेगळं आणि दोष वेगळा. कारणं शंभर असतात, ती एकमेकांच्या मागे ओळीनं उभी असतात, आणि ती शोधायला हवीतच. पण दोष त्याचा, ज्याला त्या घडीला दुसरं काही करता येत होतं आणि तरी त्यानं तेच केलं. परसोजी दुबळा होता, हे कारण. त्याचा जीव घेणं, हा दोष. १८०३ चा अपमान आप्पासाहेबानं ओढवलेला नव्हता, पण खुनाच्या दोषातून तो सुटत नाही. आणि एखाद्या राज्याचं घरभांडण बघून तिथं आपली फौज रुजवणाऱ्या कंपनीही सुटत नाही. तसंच तुझ्या युद्धाचं. मला विचारशील तर सैन्याला "चला" असा हुकूम ज्यानं दिला, त्याच्या पदरातून तो हुकूम निघत नाही, नाटोनं काहीही केलेलं असो. माझं मत तुझ्याच बाजूचं आहे. ते मी बाबांसमोरही सांगेन.

पण तुझ्या त्या वाक्याच्या बाजूची मी नाही.

तुला माहीत आहे का, बाबांचं लहानपण कुठं गेलं? भिलाईला. त्यांचे वडील कारखान्यात होते. १९५५ मध्ये रशियाशी त्या कारखान्याचा करार झाला तेव्हा भिलाई ज्या मध्य प्रदेशात होतं, त्याची राजधानी आपलं नागपूर होतं. इथली कितीतरी मराठी घरं तिकडे गेली. रशियन इंजिनिअर, त्यांच्या बायका, त्यांची मुलं सेक्टरमध्ये राहायची. तुझ्या सासरच्या शोकेसमध्ये ती लाकडी बाहुली आहे ना, एकीच्या पोटात एक अशा पाच? सगळ्यात आतलीचा रंग पार उडालाय. मागच्या दिवाळीला मी ती हातात घेतली, तर बाबा म्हणाले, "सावकाश, ती मला वाढदिवसाला मिळाली होती." कुणी दिली ते सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. आणि १९७१ ला ते सोळा वर्षांचे असतील. ऑगस्टमध्ये रशियाशी मैत्रीचा करार झाला. डिसेंबरमध्ये अमेरिकेनं सातवं आरमार बंगालच्या उपसागराकडे धाडलं, आणि सुरक्षा परिषदेत आपल्यासाठी नकाराधिकार वापरला तो रशियानं. सोळाव्या वर्षी रेडिओला कान लावून ऐकलेलं माणूस विसरत नाही. ते पुतिनची बाजू घेत नव्हते गं. आपल्यावर कुणीतरी केलेले उपकार ते मोजत होते. आणि तू मोजत होतीस ती तुझी मैत्रीण, जी मीटिंग चालू असताना भोंगा वाजला म्हणून कॅमेरा बंद करून तळघरात गेली. दोघंही खरं तेच मोजत होतात. फक्त एकमेकांना ते सांगितलं नाहीत.

आपल्या घरातलं एक सांगते. तू तेव्हा नव्हतीस, मीही नव्हते, आईकडून ऐकलंय. १९६२ ला चीननं हल्ला केला. २० ऑक्टोबरपासून महिनाभरात सगळं होऊन गेलं. आजोबा म्हणायचे, चीननं विश्वासघात केला, नेहरूंचा काय दोष? त्यांचे धाकटे भाऊ म्हणायचे, सैनिकांना धड गरम कपडे नाहीत आणि वर पाठवता, दोष नेहरूंचा आणि कृष्ण मेननचा. मेननचं पद गेलं, महाराष्ट्रातून यशवंतराव दिल्लीला संरक्षणमंत्री म्हणून गेले, देशाचं काय व्हायचं ते झालं. पण या दोघांनी एकमेकांच्या घरी जाणं सोडलं. धंतोली ते रामदासपेठ, चालत जाण्याचं अंतर! बारा वर्षं! त्याच दिवसांत आजीनं संरक्षण निधीला आपली एक पाटली दिली होती. एकच. पुढे जन्मभर तिच्या डाव्या हातात पाटली आणि उजव्या हातात नुसत्या काचेच्या बांगड्या. तो हात मी पाहिलाय, पोळ्या लाटताना. त्या दोन भावांनी बारा वर्षांत एकदा तरी तिला विचारलं असतं की बाई, तुझ्या मते कुणाचं चुकलं? कुणीच नाही विचारलं.

म्हणून सांगते, आज रात्री घरी गेलीस की मत मागे घेऊ नकोस. वाक्य तेवढं मागे घे. "तुम्हाला मेलेली माणसं दिसत नाहीत, असं मी म्हणायला नको होतं, बाबा," एवढंच. पुढे "पण" लावू नकोस. नवऱ्याला मध्ये घालू नकोस, तो आधीच दोन्हीकडून दबलाय. आणि टीव्हीसमोर बोलू नकोस. तिथं आधीच चार माणसं ओरडत असतात, आपलाही आवाज नकळत चढतो. ते सकाळी गॅलरीत संत्रं सोलत बसतात तेव्हा जा. त्या बाहुलीबद्दल विचार. कोणी दिली, त्या माणसाचं नाव काय होतं, तो नंतर कुठं गेला. कुणास ठाऊक, तो युक्रेनचाही असेल. तेव्हा सगळे रशियनच म्हणायचे. मग तुझ्या खार्किवच्या मैत्रिणीचं सांग. तिचं नाव सांग, तिच्या तळघराचं सांग. त्यानंतर ते म्हणतीलच, "तरीपण नाटो." म्हणू देत. तूही म्हण, "तरीपण रणगाडे." ते वाद घालणारे आहेत, तूही आहेस, आणि त्यात वाईट काही नाही. ज्या घरात जेवताना युद्धाबद्दल कुणी बोलतच नाही, ते घर मला तरी आवडत नाही.

आणि ते काहीच बोलले नाहीत तर? तर नाही बोलणार. चार दिवसांचा राग आहे, दोन दिवस अजून लागतील. तू ताट वाढताना नेहमीसारखं वाढ.

झालं का तुझं? दे इकडे, धुऊन घेते. बेसन मळून ठेवलंय, खसखस-खोबरं भाजून झालंय. आठ वड्या डब्यात घालून देते, कढी वेगळी देते. बाबांना वडी गरम लागते, तव्यावर परतून दे. आणि २६ जानेवारीला सुट्टी आहे, त्यांना म्हणावं ताई बर्डीच्या किल्ल्यावर जायचं म्हणते, येता का. त्या धाकट्या टेकडीवर चढताना माझा हात धरायला कुणीतरी हवं.