जिन्यातला दिवा आजींना का पाहू शकला नाही?

जिन्यात पाऊल टाकताच आपोआप लागणारा दिवा तुम्ही पाहिला असेल. आमच्या इमारतीत असे दिवे बसवले, तेव्हा सर्वांना मोठे कौतुक वाटले. पण आठवडाभरातच तक्रार आली. चौथ्या मजल्यावरच्या आजी दम लागला म्हणून मधल्या पायरीवर टेकल्या आणि दिवा विझला! "अरे, मी त्याला दिसले नाही का?" असे त्यांनी मला विचारले.

खरे म्हणजे त्या दिव्याला माणूस दिसतच नाही. आपल्या त्वचेचे तापमान साधारण ३३ अंश सेल्सियस असते. अशा पृष्ठभागातून अवरक्त किरण बाहेर पडतात. त्यांची तीव्रता ९.५ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपास सर्वाधिक असते. साधी काच हे किरण अडवते. म्हणून दिव्याजवळचा पांढरा घुमट प्लॅस्टिकचा असतो. त्याच्यामागे संवेदक असतो. त्यात एका विशिष्ट स्फटिकाचे दोन तुकडे उलटसुलट जोडलेले असतात. स्फटिकाचे तापमान बदलले, की त्याच्या पृष्ठांवर विद्युतभार येतो. दोन्ही तुकडे सारखेच तापले तर परिणाम शून्य! माणूस चालू लागला, की घुमटातली चिमुकली भिंगे त्याचे किरण कधी या, तर कधी त्या तुकड्यावर टाकतात आणि दिवा लागतो. आजी स्तब्ध बसल्या, बदल थांबला. मे महिन्यात जिनाच ३३-३४ अंशांपर्यंत तापला, तर चालणारा माणूससुद्धा कधी कधी निसटतो.

उपाय सोपा होता. दिवा विझण्याची मुदत ३० सेकंदांऐवजी ३ मिनिटे करायची. "मग बचत कसली?" असे कोणीतरी विचारलेच. चला, हिशेब करू.

९ वॅटचे पाच एलईडी दिवे १२ तास जळले, तर ५४० वॅट-तास खर्च होतात. प्रत्येक दिवा रात्रीत ६० वेळा लागतो असे धरा. ३० सेकंदांच्या मुदतीत पाचांना मिळून २२.५ वॅट-तास लागतील. ३ मिनिटांच्या मुदतीत १३५. पण थांबा, संवेदक तर सदैव जागा असतो! तो अर्धा वॅट घेत असेल, तर पाचांचे दिवसाला ६० वॅट-तास होतात. ते दोन्हीकडे मिळवा. पहिल्या मुदतीत वर्षाला सुमारे १६७ युनिट वाचतात, दुसऱ्या मुदतीत १२६.

म्हणजे आजींच्या विसाव्याची किंमत वर्षाला ४१ युनिट. सभेत कोणीही हरकत घेतली नाही. आजी मात्र अजूनही पायरीवर बसल्या बसल्या मधूनच हात हलवतात.