संकटात देवाची सोबत
(कुटुंबात व मंडळीत अभ्यासासाठी पाठ)

वाचन: रूथ 1, 1 राजे 19:1-18, स्तोत्र 88, 2 करिंथ 1:3-7



दिवाळी आटोपली की मेळघाटातील आपली कोरकू भावंडे घराला कडी लावून कामासाठी खाली उतरतात. कोणी वीटभट्टीवर जातात, कोणी कापूस वेचायला, कोणी हरभरा सोंगायला. होळीला ती परत गावी जातात. मधल्या चार महिन्यांत लेकरू आजारी पडते, बाईचे दिवस भरतात, म्हातारे माणूस मागे गावात एकटेच जाते. इकडे तिवसा, कौंडण्यपूरकडच्या वावरांतही दुःख कमी नाही. बोंडअळी, अवकाळी पाऊस आणि सावकाराचा हप्ता आपण सारेच जाणतो.

अशा वेळी एक प्रश्न हमखास विचारला जातो: देव आहे, तर तो तेव्हा कोठे होता? या प्रश्नाला आपणच कधी कधी घाईने उत्तरे देतो. "तुझा विश्वास कमी पडला." "कोणत्या तरी पापाची शिक्षा असेल." "देवाला आवडले, म्हणून नेले." लेकरू गमावलेल्या आईच्या कानी ही तिन्ही उत्तरे पडतात. त्यांनी तिचे दुःख हलके होत नाही. उलट तिच्या दुःखावर आता दोषाचेही ओझे चढते. म्हणून पवित्र शास्त्र अशा वेळी काय करते, ते या पाठात आपण शांतपणे पाहू.

1. तक्रार देवापाशीच करावी

रूथचे पुस्तक उघडा. बेथलेहेमात दुष्काळ पडतो. एक कुटुंब पोटासाठी परमुलखात, मवाबात जाते. आजच्या भाषेत सांगायचे तर ते स्थलांतर करते. तेथे नवरा मरतो, पुढे दोन्ही तरुण मुलगे मरतात. नामी रिकाम्या हातांनी गावी परतते, तेव्हा ओळखीच्या बायका धावत येतात. ती त्यांना सांगते की आता मला माझ्या जुन्या नावाने हाक मारू नका, मला मारा म्हणा. मारा म्हणजे कडू. आपल्या कडूपणाचे कारण ती सरळ देवावरच ठेवते.

येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की शास्त्र तिला गप्प करीत नाही. तिला कोणी अविश्वासू म्हणत नाही. तिचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवले आहेत.

स्तोत्र 88 तर याहून कठीण आहे. बहुतेक विलापस्तोत्रे शेवटी आशेकडे वळतात. हे वळत नाही. रात्रंदिवस हाक मारणारा हा माणूस शेवटच्या ओळीतही काळोखातच उभा आहे. तरी त्याच्या प्रार्थनेला शास्त्रात जागा मिळाली. कारण काळोखात असूनही तो देवाशीच बोलत होता. रागाने, रडत, पण त्याच्याकडे तोंड करून. जो देवाकडे तक्रार घेऊन जातो, त्याने देवाला सोडलेले नसते. ज्या घरात प्रार्थनेसाठी शब्दच सुचत नाहीत, त्यांनी हे स्तोत्र मोठ्याने वाचावे. तेवढी प्रार्थना पुरेशी आहे.

शिक्षेचा प्रश्नही येथेच मिटवू. योहान 9 मध्ये जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? प्रभू दोन्ही नाकारतो. दुःखी माणसाच्या दारात उभे राहून त्याचे पाप शोधणे हे प्रभूच्या शिष्याचे काम नव्हे.

2. देव आधी भाकर देतो

1 राजे 19 मध्ये एलीया संदेष्टा जीव घेऊन पळतो. रानात एक दिवसाची वाट चालून तो एका झुडपाखाली बसतो आणि देवाजवळ मरण मागतो. कर्मेल डोंगरावर ज्याने एवढे मोठे काम केले, तोच माणूस आता म्हणतो की पुरे झाले.

देव काय करतो? तो रागावत नाही, उपदेश करीत नाही. एलीया झोपतो, तेव्हा देव त्याला झोपू देतो. मग देवदूत त्याला हात लावून उठवतो. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे असते. तो खातो, पितो, पुन्हा झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा उठवून पुन्हा खाऊ घालतो, कारण पुढची वाट लांबची आहे. बोलणे नंतर, होरेब डोंगरावर होते, आणि तेही वादळातून किंवा अग्नीतून नव्हे, तर मंद वाणीतून. शेवटी देव त्याला दोन गोष्टी सांगतो: तुझ्यासारखे आणखी सात हजार आहेत, आणि तुझ्या सोबतीला अलीशा येईल.

हा क्रम मनात ठेवा. झोप, भाकर, पाणी, स्पर्श, मग शब्द आणि शेवटी सोबती. देवाचे सान्निध्य म्हणजे केवळ मनात येणारी ऊब नव्हे. ते भाकरीच्या रूपानेही येते. म्हणून तापाने फणफणलेल्या लेकराला दवाखान्यात नेणे म्हणजे प्रार्थना कमी पडणे नव्हे. धारणीच्या उपजिल्हा रुग्णालयातील सलाईन, 108 क्रमांकाची गाडी, अंगणवाडीतील आहार, परतवाड्याजवळच्या कोठारा येथे कुष्ठरुग्णांची सेवा करणारे मिशन रुग्णालय, या साऱ्यांकडे आपण देवाने उशाशी ठेवलेली भाकर म्हणूनच पाहावे. प्रार्थना करीत वाट चालावी, पण दवाखान्याची वाट चुकवू नये.

ज्याला एलीयासारखे वाटते, की आता जगणे नकोच, त्यानेही हे जाणावे की देवाने अशा माणसाला दूर लोटले नाही. तो कोणाजवळ तरी बोलून दाखवावा, असा विचार आहे. आपल्या पाळकाला, शेजाऱ्याला सांगा. सरकारच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक मोफत आहे. तेथे मराठीतही बोलता येते.

3. नदीपलीकडचा दुष्काळ

आता आपल्याच मुलखाजवळची एक साक्ष पाहू. कौंडण्यपूरच्या घाटावरून पलीकडे दिसणारा वर्धा नदीचा काठ इंग्रजी अमलात वेगळ्या प्रांताचा होता. नदीच्या अलीकडे वऱ्हाड, पलीकडे मध्य प्रांत. 1896-97 मध्ये त्या मध्य प्रांतात मोठा दुष्काळ पडला. गावे ओस पडली, अनाथ मुली आणि तरुण विधवा रस्त्यांवर आल्या. त्यांना शोधायला पुण्याहून एक स्त्री आली. तिचे नाव पंडिता रमाबाई.

रमाबाईंना दुष्काळ ऐकून ठाऊक नव्हता. त्यांचा जन्म 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे विद्वान. कुटुंब तीर्थोतीर्थी फिरून पुराणे सांगे. 1870 नंतरच्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला आणि या कुटुंबाची अन्नान्न दशा झाली. आधी वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण. आई शेवटच्या दुखण्यात असताना रमाबाई तिच्यासाठी भाकरीचा तुकडा मागायला गेल्या, तेव्हा लाजेने त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. तुकडा मिळाला, पण तो खाण्याची शक्ती आईत उरली नव्हती. पुढे भाऊ श्रीनिवास व त्या हजारो मैल पायी फिरली. थंडीत अंगावर पुरेसे पांघरूण नव्हते, म्हणून नदीकाठी खड्डा खणून त्यांनी अंगावर कोरडी वाळू ओढून रात्र काढली.

1880 मध्ये भाऊही वारला. त्याच वर्षी लग्न झाले, आणि 1882 च्या फेब्रुवारीत पती बिपिनबिहारी कॉलऱ्याने गेले. पदरी एक वर्षाचीही न झालेली मुलगी मनोरमा.

29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण दुःख त्या दिवशी संपले असे त्यांनी कधी सांगितले नाही. आपल्या साक्षीत त्या प्रांजळपणे सांगतात की ख्रिस्ती धर्म आपल्याला आधी मिळाला, पण ख्रिस्त स्वतः भेटायला त्यानंतर आठेक वर्षे लागली. ज्यांना बाप्तिस्म्यानंतरही मनात पोकळी वाटते, त्यांनी हे वाक्य जपून ठेवावे. देवाच्या सान्निध्याची जाणीव एखाद्याला हळूहळू होते. उशीर म्हणजे नकार नव्हे.

1896 मध्ये दुष्काळाची बातमी आली, तेव्हा एवढ्या मुलींना खाऊ घालायला त्यांच्यापाशी पैसा नव्हता. पण त्या मुलींच्या चेहऱ्यांत त्यांना आपलाच भूतकाळ दिसला. त्यांनी सुमारे 300 मुली व स्त्रिया आणल्या. पुण्यात तेव्हा प्लेगचे निर्बंध होते, म्हणून केडगावच्या माळावर त्यांना ठेवले, आणि तेथेच मुक्ती मिशन उभे राहिले. या मुलींना आधी अन्न, औषध आणि कपडे मिळाले. मग अक्षरओळख, विणकाम, शेती आणि छापखान्याचे काम. एलीयाच्या गोष्टीतला तोच क्रम येथे दिसतो.

24 जुलै 1921 रोजी मनोरमाही आईच्या आधी गेली. रमाबाई तेव्हा थकल्या होत्या. तरी साध्या बायकांना समजेल अशा मराठीत बायबलचे भाषांतर करण्याचे काम त्यांनी सोडले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी त्यांचे निधन झाले. ते बायबल 1924 मध्ये छापून आले.

4. मिळाले ते पुढे द्यावे

2 करिंथ 1:3-7 वाचा. पौल तेथे देवाला सर्व सांत्वनाचा देव म्हणतो आणि लगेच सांत्वनाचा उपयोग सांगतो: आपल्याला संकटात जे सांत्वन मिळाले, त्यानेच आपण दुसऱ्या संकटातील माणसाचे सांत्वन करावे.

देवाने रमाबाईंवर दुष्काळ पाठवला तो पुढे 300 मुली वाचाव्यात म्हणून, असे मात्र आपण म्हणू नये. त्यांच्या आईच्या मरणाचा असा हिशेब मांडण्याचा अधिकार आपल्याला नाही. शास्त्र एवढेच दाखवते की देव दुःखात सोबत राहतो, आणि त्याच्या सोबतीत त्या दुःखातूनही दुसऱ्यासाठी भाकर निघू शकते. नामीच्या बाबतीतही असेच झाले. तिचे मुलगे परत आले नाहीत. पण तिचा हात धरून चालणारी रूथ होती. गावी येताना नामी म्हणाली की मी रिकामी आले. तेव्हा रूथ शेजारीच उभी होती. दुःखाने डोळे भरलेले असले की देवाने दिलेली सोबत शेजारी असूनही दिसत नाही. ती दिसेपर्यंत सोबत्याने मात्र टिकून राहायचे असते.

5. शोकाच्या घरी जाताना

ईयोबाचे मित्र सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. तेवढे त्यांनी बरोबर केले. बोलू लागले, तेथे ते चुकले. म्हणून शोकाच्या घरी जाताना:

• हात रिकामा नेऊ नका. भाकर-भाजी, चहापत्ती, लेकरांसाठी दूध, जे असेल ते न्या.
• कारण सांगू नका. "मी आहे" एवढे पुरे.
• मेलेल्या माणसाचे नाव घ्या, त्याच्या आठवणी ऐका. रडणे थांबवू नका. बेथानीत लाजाराच्या कबरेकडे जाताना प्रभूही रडला.
• एक काम अंगावर घ्या: रेशन आणणे, ढोरांना पाणी, मृत्यूच्या दाखल्यासाठी ग्रामपंचायतीत सोबत जाणे.
• महिन्याने पुन्हा जा. पहिल्या आठवड्यात सारे येतात. घर खरे रिकामे होते ते नंतर.

आपल्या कौंडण्यपुरातून दरवर्षी रुक्मिणीची पालखी पंढरपूरला पायी निघते. त्या वाटेवर कोणी थकले की दुसरा त्याचे ओझे घेतो, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. आपले शेजारी हे करतात. प्रभूच्या मंडळीने तर हे करायलाच हवे.

चर्चेसाठी प्रश्न

1. नामीने देवाविषयी जे म्हटले, ते आपल्या प्रार्थनासभेत कोणी म्हटले तर आपण त्याला काय उत्तर देऊ?
2. तुमच्या कठीण दिवसांत देवाने कोणाच्या हातून भाकर पाठवली? त्या माणसाला तुम्ही ते सांगितले आहे का?
3. आपल्या गावात किंवा वीटभट्टीवर या महिन्यात कोणत्या एका घरी जाणे आवश्यक आहे? कोण जाईल, कधी जाईल, हे आजच ठरवा.

प्रार्थना

हे दयाळू पित्या, आमच्यातील जे आज काळोखात आहेत, त्यांचे रडणे तू ऐक. ज्यांना शब्द सुचत नाहीत, त्यांचे मौनही ऐक. कामासाठी परगावी गेलेल्या आमच्या भावंडांना आणि त्यांच्या लेकरांना सांभाळ. आम्हांला घाईच्या उत्तरांपासून आवर, आणि भाकर घेऊन दारात जाण्याची बुद्धी दे. आमचे दुःख जाणणाऱ्या प्रभू येशूच्या नावाने मागतो. आमेन.